भट्टीच्या पोटातला पाचवा दगड

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. मातीची, घुमटाच्या आकाराची, एका घराच्या मागच्या अंगणात बसलेली. माझी मागची भिंत फुटली आहे आणि त्या भगदाडातून हल्ली एक मांजर ये-जा करते. माझे दार शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे. ती जाड लाकडाची फळी आहे आणि तिच्या आतल्या बाजूला पत्रा ठोकलेला आहे. त्या पत्र्यावर एक खोल खळगा आहे. तो कसा पडला, तेच मला आज सांगायचे आहे. ऐकताना तुम्हाला मध्येच वाटेल की अरे, कोणीतरी बोलायला हवे होते. मलाही तेव्हा तसेच वाटत होते. पण भट्टीला तोंड असते, वाचा नसते.

मला बांधण्याची हौस बाबांची. बाबा एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करत. दिवसभर नाजूक कामात मान मोडल्यावर संध्याकाळी त्यांना काहीतरी राकट करावेसे वाटे. कोणाच्या तरी अंगणातली पिझ्झाची भट्टी त्यांनी फोनवर पाहिली आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

"आधी मोरीतला गळका नळ बघा," आई म्हणाली. "मग बांधा काय भट्ट्या बांधायच्या त्या." आई घरीच शिवणकाम करायची. तिच्या ओठांत बहुधा टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे तिचे बोलणे थोडे आणि टोचणारे असे.

आजोबा म्हणजे आईचे वडील. जन्मभर बस चालवून आता ते लेकीकडे राहत होते आणि थट्टा केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "बांधा, जावईबापू," ते म्हणाले. "पिझ्झा नाही झाला तर कुत्र्याला घर तरी होईल."

आणि होती मुंगी. ती या घरातली मुलगी. तिचे खरे नाव वेगळे होते. पण ती सदानकदा स्वतःपेक्षा मोठे काहीतरी ओढत आणायची, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. तिचे दोन दात पडलेले होते आणि तिला सांगितलेली प्रत्येक गोष्ट ती खरी मानत असे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

माती आणायला सगळे नदीकाठी गेले. तिथे गोल, गुळगुळीत दगड पाहून बाबांना नवीन कल्पना सुचली. "घराला उंबरा असतो, मग भट्टीला का नको? प्रत्येकाने आपापला एक दगड निवडा. भट्टीच्या तोंडाशी चौघांचे चार दगड बसवू." आजोबांनी आपल्या टकलासारखा चकचकीत दगड उचलला. आईने हिरवट, बाबांनी काळा आणि मुंगीने तांबूस दगड घेतला. मग मोठ्यांच्या पाठी वळल्या तेव्हा मुंगीने लिंबाएवढा एक पांढरा दगड उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला. घरात बाळ येणार आहे, हे आईने तिला नुकतेच सांगितले होते.

मी तेव्हा पोत्यात होते, नुसती माती. पण नदीकाठच्या मातीची आणि नदीतल्या दगडांची जुनी ओळख असते. वरून कोरडाठाक दिसणारा असा दगड आत किती पाणी धरून बसलेला असतो, ते मला ठाऊक होते. आणि हे लोक मला कशासाठी घरी नेत आहेत, तेही मी ऐकले होते. मला त्या दगडांची संगत नको होती.

मला कोणी विचारले नाही. विटांच्या ओट्यावर ओल्या वाळूचा ढीग रचला गेला, त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रे चिकटली आणि ताडपत्रीवर पायांनी तुडवलेली माती त्यावर थापली गेली. माती जरा घट्ट झाल्यावर बाबांनी माझे तोंड कापले. मग आतली वाळू उपसायची वेळ आली. माझ्या तोंडातून एवढ्या आत शिरू शकणारे त्या घरात एकच माणूस होते. मुंगी कमरेपर्यंत माझ्या पोटात शिरली आणि वाटीवाटीने वाळू बाहेर काढू लागली.

"आतून हात फिरव गं," बाबा बाहेरून म्हणाले. "भिंत गुळगुळीत झाली पाहिजे."

मुंगीने हात फिरवला. मग खिशातला पांढरा दगड काढून तिने तो मागच्या ओल्या भिंतीत दाबून बसवला, माझ्या तोंडाच्या अगदी समोर. त्यावर मूठभर माती लिंपली. "हे आपल्या बाळाचं," ती माझ्या कानाशी बोलावे तसे पुटपुटली. बाहेर आली तेव्हा तिचे गाल मातीने माखले होते. बाबांनी तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. चौघांचे चार दगड उंबऱ्यात बसले आणि पाचवा माझ्या पोटात राहिला. तो ठाऊक होता दोघींनाच, मुंगीला आणि मला.

मित्रांनो, मातीची भट्टी सावकाश वाळू द्यावी लागते. बाबांना कुठला दम! "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आजोबा म्हणाले; पण बाबांनी जाळ केलाच. माझ्या अंगातून वाफ निघाली, छातीवर तडे गेले आणि सगळ्या अंगणात धूर झाला. तडे मातीने बुजवले गेले. पहिला पिझ्झा वरून कोळसा आणि खालून कच्चा निघाला. दुसरा लाकडी फावड्यालाच चिकटला. बाबांनी जोरात झटका दिला तेव्हा टोमॅटो आणि चीज राखेत गेले आणि पिठाचा गोळा बाबांच्या चपलेवर पडला. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं," आई म्हणाली, आणि टाचण्या काढून ठेवून पोट धरून हसली.

हळूहळू बाबा शिकले. चिमूटभर पीठ आत टाकून ते किती वेळात लालसर होते, त्यावरून ते माझा ताप ओळखू लागले. फावड्यावर रवा भुरभुरवला की पिझ्झा सुळकन घसरतो, हे त्यांना कळले. शेजारीपाजारी बोटे चाटू लागले. माझे फोटो निघाले. मला अभिमान वाटायचा, खोटे कशाला बोलू? पण दर वेळी जाळ पेटला की मी आधी मागच्या भिंतीकडे लक्ष द्यायची. तिथल्या मातीच्या थराआड तो पांढरा दगड गप्प बसलेला असे.

उंबऱ्यातल्या दगडांवरून घरात थट्टा चाले. बाबा चिडले की आई म्हणायची, "काळा दगड तापला वाटतं." एकदा आजोबांच्या दगडावर केसासारखी रेघ उमटली. आजोबांनी वाकून पाहिले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "बघ मुंगे, माझ्या दगडाला तडा गेला, म्हणूनच माझा गुडघा ठणकतोय."

सगळे हसले. मुंगी हसली नाही. ती त्या रेघेकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

पुढे बाबांना ताप आला. तेव्हा मुंगी भर उन्हात अंगणात आली आणि तिने काळ्या दगडावर ओला रुमाल ठेवला. आई बाबांच्या कपाळावर ठेवत होती तसाच. रुमाल वाळला की ती पुन्हा भिजवून आणी. बाबांचा ताप उतरला. तो औषधाने उतरला होता. पण मुंगीच्या लेखी तो रुमालाने उतरला. तेव्हापासून ती सगळ्या दगडांना रोज पाणी घालू लागली. कोणाच्या नजरेस पडले तरी वाटे, पोर खेळते आहे. दगड ते पाणी निमूट पीत राहिले. मला मात्र पुढचे दिसत होते.

ते लवकरच घडले. त्या संध्याकाळी पाहुणे यायचे होते म्हणून बाबांनी घाईने मोठा जाळ केला. उंबऱ्यातून 'टक' असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा 'टक'. मुंगी कांद्याची ताटली घेऊन बाजूलाच उभी होती. "बाबा, तुझा दगड बोलतोय," ती म्हणाली. बाबा हसत वाकले आणि त्यांचा काळा दगड फटाक्यासारखा फुटला. एक कपची सरळ त्यांच्या चष्म्यावर बसली. डाव्या काचेचे जाळे झाले. दिवसभर दुसऱ्यांसाठी काचा घासणाऱ्या माणसाचा डोळा त्या दिवशी स्वतःच्या काचेने वाचला.

आई धावत आली. तिने बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवला, डोळा नीट आहे हे पाहिले आणि मगच ती रडली. रात्री तिने फोनवर शोधून सगळ्यांना वाचून दाखवले. "नदीतला दगड आगीजवळ ठेवायचाच नाही म्हणे. आत पाणी असतं, त्याची वाफ होते. वाट मिळाली नाही की दगड फुटतो. आणि आपण हौसेने उंबरा केला!"

सकाळी बाबा छिन्नी-हातोडा घेऊन बसले. घाव पडू लागले तशी मुंगी कानांवर हात ठेवून उभी राहिली. आईचा हिरवट दगड निघता निघता दुभंगला. मुंगी किंचाळली. "अगं, दगड आहे तो," बाबा म्हणाले आणि त्यांनी सगळे तुकडे कुंपणापलीकडे फेकले. उंबऱ्यात साध्या विटा बसवल्या. "चार होते, चारही निघाले. घोर मिटला."

पाच, मी म्हणत होते. पाच आहेत हो! पण सांगितले ना, मला वाचा नाही.

मुंगीला वाचा होती. ती बोलायला पुढेही झाली होती. पण त्याच संध्याकाळी आईच्या पोटात दुखू लागले. घाईघाईने गाडी आली आणि आईला दवाखान्यात नेले. काही काळजीचे नव्हते, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि आई घरी आली. पण मुंगीने आपला हिशेब जुळवला होता. आजोबांच्या दगडाला तडा गेला आणि गुडघा दुखला. बाबांचा दगड फुटला आणि त्यांचा डोळा जाता जाता राहिला. आईचा दगड छिन्नीने तुटला आणि आई दवाखान्यात गेली. आता पाचवा दगड सांगितला तर बाबा त्यालाही छिन्नी मारणार. मग बाळाचे काय होणार? त्या लहानशा जिवाने ओठ घट्ट मिटले. तिच्या मनात लबाडी नव्हती, मित्रांनो. तिला बाळाला वाचवायचे होते.

आई झोपून असल्यामुळे कितीतरी दिवस मला कोणी पेटवले नाही. माझ्यावर ताडपत्री पडली. रोज दुपारी मात्र ती ताडपत्री कोपऱ्यातून उचलली जाई आणि एक लहान हात पेला घेऊन आत येई. "बाळा, पाणी पी," मुंगी म्हणायची आणि मागच्या भिंतीवर पाणी ओतायची. त्या पाण्याने वरचा मातीचा थर विरघळत गेला. एके दिवशी पांढऱ्या दगडाचे तोंड उघडे पडले. ते माझ्या दाराकडे रोखलेले होते. पाणी पिऊन पिऊन तो दगड जड झाला होता आणि मला त्याची भीती वाटू लागली. माझ्या अंगाचा भाग असून मला त्याची भीती वाटत होती.

बाळ आले. गोरेपान, टकलू, अगदी आजोबांसारखे. थंडीचे दिवस होते. आई बाळाला घेऊन हिंडू-फिरू लागली आणि एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी ताडपत्री ओढून काढली.

"आज बाळाच्या नावाने पिझ्झा! घाबरू नकोस गं, आता उंबऱ्यात विटा आहेत."

आता बाबा शहाणे झाले होते. त्यांनी आधी बारीक जाळ केला, माझे अंग शेकले, मगच मोठी लाकडे घातली. आत डोकावून पाहिलेही. पण मागची भिंत काजळीने काळी होती आणि पांढरा दगडही आता धुराने काळाच दिसत होता. आजोबांनी घरातून वेताची खुर्ची आणली. "इथे बस, छान ऊब येते," असे म्हणून त्यांनी ती माझ्या तोंडासमोर मांडली. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली. ज्या रेषेत तो दगड होता, बरोबर त्याच रेषेत बाळाचे डोके होते.

मला सांगा, मी काय करायला हवे होते? मी धूर सोडला. आईने पदराने वारा घातला आणि धूर सरकला. मी लाकूड नीट जळू दिले नाही. बाबांनी फुंकणीने फुंकले आणि जाळ उसळला. माझ्या हाती एवढेच होते.

मुंगी शांत होती. पिठाच्या गोळीशी खेळत होती. दुपारी तिने बाळाच्या दगडाला दोन पेले जास्तीचे पाजले होते. पाणी घातले की ताप उतरतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होते.

'टक.'

बाबा पीठ थापत होते. आजोबा कांदा चिरताना नाक ओढत होते. कोणी ऐकले नाही. मुंगीच्या हातातली गोळी खाली पडली.

'टक.'

तिने माझ्याकडे पाहिले, मग बाळाकडे. हा आवाज तिने एकदा ऐकला होता. ती उठली आणि भिंतीला टेकवलेल्या दाराकडे धावली. ते दार बाबासुद्धा दोन्ही हातांनी उचलत. मुंगीने ते ओढले, फरफटत आणले, उभे केले आणि हातांना धग लागत असतानाही माझ्या तोंडावर लोटले. मग बाबा नेहमी लावायचे ती वीट तिने पायाने सरकवून दाराला टेकण दिली.

"अगं ए मुंगे! विस्तव विझेल ना!" बाबा पिठाच्या हातांनी धावत आले. "काढ ते आधी!"

"नाही!" मुंगीने दाराला पाठ लावून हात पसरले.

"बाजूला हो, पोळशील! काय वेड लागलंय का?" बाबांनी दाराची कडी धरली.

"आत बाळ आहे!" मुंगी ओरडली.

सगळ्यांनी आईच्या मांडीकडे पाहिले. बाळ तिथेच होते, मूठ चोखत. मग आजोबांनी हातातली सुरी खाली ठेवली. "मुंगे," ते हळूच म्हणाले, "बाळाचा दगड ठेवलायस का आत?"

मुंगीने मान हलवली. "पांढरा. मागे."

बाबांनी कडी सोडली. त्यांनी मुंगीला बखोटीला धरून उचलले आणि ते मागे पळाले. आईने बाळाला छातीशी धरून भिंतीचा आडोसा गाठला. तेवढा वेळ मी सगळे अंग आवळून तो दगड धरून ठेवला, असे मला वाटते. माती असे काही करू शकते की नाही, ते मला सांगता येणार नाही.

मग तो फुटला. माझी पाठ फाटली. दार जागच्या जागी उडाले, वीट सरकली आणि आतल्या पत्र्यावर घण बसावा तसा आवाज झाला. लाकूड उभे चिरले, पण दार पडले नाही. समोरची वेताची खुर्ची रिकामी होती.

बाळ दचकून रडू लागले. मुंगी धडपडत त्याच्यापाशी गेली. तिने त्याचे हात पाहिले, पाय पाहिले, डोळे पाहिले. दगडाचा चुरा झाला होता आणि बाळ मात्र धडधाकट होते. तिला काही समजेना. "याला काही झालं नाही?" ती पुन्हा पुन्हा विचारू लागली.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?" बाबांनी विचारले. ते जमिनीवरच बसले होते.

"तू छिन्नी मारली असतीस. मग बाळाला लागलं असतं. आजोबांचा गुडघा दुखला होता ना!"

पहिल्यांदाच आजोबांना थट्टा सुचली नाही. त्यांनी मुंगीला जवळ ओढले आणि तिच्या भाजलेल्या तळव्यांवर फुंकर घालत राहिले. "माझा गुडघा म्हातारपणाने दुखतो गं राणी," ते म्हणाले, "दगडाने नाही." आईने एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मुंगीला घट्ट धरले.

त्या दिवसानंतर मला कोणी पेटवले नाही. बाबा नवी माती आणायचे बोलतात, पण आणत नाहीत. मला राग नाही. पाऊस येतो, माझी एक एक कड विरघळते. अशीच एक दिवस मी पुन्हा नुसती माती होईन.

मित्रांनो, भट्टी बांधलीत तर ती सावकाश वाळवा, कोरडी ठेवा, आणि नदीचे दगड नदीतच राहू द्या. एवढे तर कोणीही सांगेल. मला आणखी थोडे सांगायचे आहे. घरातल्या लहान माणसासमोर थट्टा करताना ते हसते आहे का, तेवढे बघत जा. आणि तुम्ही लहान असाल तर भीती पोटात ठेवू नका. मी ती ठेवून पाहिली आहे.

आता बाळ चालायला लागले आहे. दुपारी ते डुलत डुलत अंगणात येते, भिंतीला टेकवलेल्या दारापाशी थांबते आणि पत्र्यावरच्या खळग्यात आपली मूठ घालते. मूठ त्यात अगदी बरोबर बसते. मग मुंगी येते, त्याचा हात काढून घेते आणि त्याला घरात नेते.